मिस डॉरिसचे देव

आमच्या गल्लीत मिस डॉरिसबद्दल कोणी चांगलं बोललेलं मी ऐकलं नाही, आणि कोणी बोलावं असं तिलाही कधी वाटलेलं दिसलं नाही. अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटा गावातल्या आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, निम्म्याहून जास्त घरं देशी. हैदराबाद, अहमदाबाद, पुणे, नागपूर, आणि आम्ही सांगलीचे. तिचं घर आमच्या मागच्या कुंपणाला लागून. उंच, हाडकुळी बाई, पाठीवर पांढऱ्या केसांची जाड वेणी, पायात पुरुषी बूट. हायस्कूलात लॅटिन शिकवून रिटायर झालेली. जॉर्जियात वयस्कर बाईच्या नावाआधी ‘मिस’ लावतात, म्हणून तोंडावर सगळे तिला मिस डॉरिस म्हणायचे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र तिचं नाव ‘चेटकीण’ होतं.

त्याचं कारण तिचं मागचं अंगण. तिथल्या जुन्या ओकच्या झाडाखाली तिने दगडांचं रिंगण मांडलं होतं आणि मधोमध कमरेइतका एक उभा दगड रोवला होता. मिस डॉरिस पेगन होती. चर्च येण्याआधी युरोपात झाडांची, ऋतूंची, देवदेवतांची जी पूजा चालायची, ती आज नव्याने करू पाहणारी माणसं अमेरिकेत आहेत, त्यांतली एक. रोज सकाळी ती त्या दगडापुढे दुधाची वाटी आणि पावाचा तुकडा ठेवायची. मग कमरेवर हात ठेवून त्याच्याशी मोठ्याने बोलायची. प्रार्थना नव्हे, वर्गात उशिरा आलेल्या मुलाशी बोलावं तसं.

आमची पहिली भेट ड्राइव्हवेमध्ये झाली. नवी गाडी घेतली होती. मी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नवऱ्याने गाडी पुढे घेतली. मिस डॉरिस चालायला निघाली होती, ती थांबून बघत राहिली.

“हे कशासाठी?”

मी ओशाळून हसले. “काही नाही, जस्ट ट्रॅडिशन. त्याला तसा काही अर्थ नाही.”

“काहीच अर्थ नाही?” तिने चिरडलेल्या लिंबांकडे बघितलं. “मग चांगली लिंबं फुकट घालवलीस.”

ती चालायला लागली आणि पुन्हा वळली. “तुमची परंपरा मध्येच कोणी तोडली नाही ना, म्हणून तिची लाज वाटून घ्यायची चैन तुम्हाला परवडते. नाव काय तुझं?”

“अश्विनी. ऑफिसात ॲश म्हणतात.”

“ॲश म्हणजे एक झाड, आणि ॲश म्हणजे राख. ऑफिसातले कोणत्या अर्थाने म्हणतात ते विचारून घे.”

त्या दिवसापासून मी ऑफिसात पूर्ण नाव सांगायला लागले. तिने माझं भलं करायला म्हटलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मुलांशी बोलतानाही तिची जीभ वयाचा हिशेब करत नसे. एका हॅलोविनला, मुलं खाऊ मागत दारोदार फिरतात त्या संध्याकाळी, माझी सई, तेव्हा चौथीत असेल, मैत्रिणींशी पैज लावून तिच्या दारात गेली. बाकीच्या देशी मुलांना त्या घराकडे जायची बंदी होती. सईने विचारलं, “मिस डॉरिस, आर यू अ रिअल विच?”

“तू खरी हिंदू आहेस का?”

“आय गेस.”

“‘आय गेस’ म्हणणाऱ्यांना काही मिळत नाही,” असं म्हणून तिने हातातलं सफरचंद परत टोपलीत टाकलं आणि दार लावून घेतलं. सई रडत घरी आली. मी तणतणत कुंपणापाशी गेले तर मिस डॉरिस म्हणाली, “रडली ना? मग आता विचार तरी करेल.” सईने विचार वगैरे केला नाही. ती त्या घराकडे परत कधी फिरकली नाही, एवढंच झालं.

तरीही मी तिच्याकडे जात राहिले. का, याचं उत्तर मला नीट देता येत नाही. ऑफिसात दिवसभर सगळे एकमेकांना ‘ग्रेट जॉब’ म्हणत असायचे. तिच्याकडे गेलं की निदान कोणीतरी खरं बोलतंय असं वाटायचं.

तिच्या अंगणात ऋतू बदलला की दहा-बाराजण जमायचे. कोणी नर्स, कोणी इलेक्ट्रिशियन, कॉलेजातली दोन-तीन मुलं. मिस डॉरिस त्यांची पुजारीण. मला ती रिंगणाच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायची. “ही बघा,” ती ओळख करून द्यायची, “हिच्या देशात हे अजून चालू आहे आणि हिला त्यातलं काही येत नाही.”

“कोण म्हणतं?” हा तिचा आवडता प्रश्न होता. एकदा एक नवा मुलगा आला. गळ्यात चांदीचं पदक, हातावर ताज्या गोंदणाची लाली. तो भारावून म्हणाला, “आपला धर्म दहा हजार वर्षं जुना आहे. छळ झाला, पण आपल्या आज्यांनी तो गुपचूप जपला.”

“कोण म्हणतं?”

“म्हणजे... सगळेच म्हणतात.”

“आपला धर्म माझ्या फ्रिजपेक्षा थोडा जुना आहे,” मिस डॉरिस म्हणाली. “हे रिंगण, ह्या मेणबत्त्या, हे सगळं गेल्या शतकात काही हौशी इंग्रजांनी बसून जुळवलं. खरं जुनं काय उरलंय सांगू? थोडी नावं, थोडे दगड, आणि त्या देवांचा ज्यांना तिटकारा होता त्या पाद्र्यांनी लिहून ठेवलेल्या चार गोष्टी. तुझ्या आजीने काही जपलं नाही. तुझी आजी रविवारी चर्चला जायची आणि तिची आजीही जायची. आणि तुला ते जुने देव खरंच हवेत का? त्यांच्यापुढे जिवंत डुकराचा गळा चिरायचे. चिरतोस?”

मुलगा लाल झाला. कोणीतरी हसलं. तो पुन्हा आला नाही.

“मग तुम्ही का करता हे सगळं?” सगळे गेल्यावर मी विचारलं.

ती दगडापुढचा शिळा पाव उचलून खात होती. नैवेद्य ती वाया घालवत नसे. “कोणीतरी आपलं घर जाळून टाकलं आणि त्याचा नकाशासुद्धा उरला नाही, तर काय करतात? बहुतेक लोक दुसरीकडे भाड्याने राहतात. मी चार दगड मांडून तिथेच बसले. हे ते घर नाही, मला माहितेय. आणि हे तेच आहे असं म्हणणारा माणूस मला चालत नाही.”

त्याच वर्षी उन्हाळ्यात माझी आई सहा महिन्यांसाठी आली. आईला इंग्रजी येत नाही. सकाळी चहा घेऊन ती मागच्या लाकडी डेकवर बसायची आणि मिस डॉरिसची पूजा बघायची. एक दिवस मी आत असताना ती सरळ कुंपणाचं फाटक उघडून पलीकडे गेली. मी धावत गेले तर आईने रिंगणाबाहेर चपला काढल्या होत्या आणि दगडापुढे वाकून नमस्कार करत होती. मिस डॉरिस दुधाची वाटी धरून नुसती उभी. तिच्याकडे येणारी माणसं गाणी म्हणायची, नाचायची, रडायची. पण तिथे पायातलं काढावं हे कोणाला कधी सुचलं नव्हतं. 

मग ती म्हणाली, “तुझ्या आईला विचार, ह्यात कोणी आहे असं तिला खरंच वाटतं का?”

मी विचारलं. आईने तो प्रश्न बाजूलाच ठेवला. ती म्हणाली, “हिला मुलंबाळं आहेत का विचार.”

“एक मुलगा आहे,” मिस डॉरिस म्हणाली.

“तो करतो का हे?”

“तो? तो बुलडोझर आणेल.”

मी भाषांतर केलं. आईने दगडाकडे बघितलं, मग तिच्याकडे. “मग बसवला कशाला? देव बसवायचा म्हणजे आपल्या मागं कोण बघणार ते आधी ठरवायचं असतं. उपाशी राहतो तो. असं करू नये.”

हे तिला सांगावं की नाही, मला कळेना. “काय म्हणाली? गाळू नकोस काही,” मिस डॉरिसने दरडावलं. मी सांगितलं. ती मोठ्याने हसली. मग ते हसू मध्येच थांबलं आणि वाटी खाली ठेवताना थोडं दूध तिच्या बुटावर सांडलं. आई चपला घालून घरी आली आणि भाजी चिरायला बसली. आपण काही कठोर बोललो हे तिच्या गावीही नव्हतं.

टॅमीचं प्रकरण झालं ते ऑक्टोबरच्या शेवटी. टॅमी ही त्यांच्यातली नर्स. तिची एकोणीस वर्षांची मुलगी वसंतात गाडीच्या अपघातात गेली होती. ऑक्टोबर संपताना हे लोक मेलेल्यांचा सण करतात. संध्याकाळी सगळे न बोलता जेवतात आणि एक ताट गेलेल्या माणसांसाठी वाढून ठेवतात. आपल्या पितरांसारखंच, म्हणून मिस डॉरिसने मला मुद्दाम बोलावलं होतं. मी खीर करून नेली.

उजेड होता तोवरच जेवणं सुरू झाली. सगळे गप्प. ओकची पानं टेबलावर पडत होती. टॅमी त्या भरलेल्या ताटासमोर बसली होती. एकाएकी तिने काटा खाली ठेवला आणि हुंदका देत म्हणाली, “ती आली. आत्ता. तिच्या शॅम्पूचा वास आला मला. ओह गॉड, ती आली.”

शेजारच्या बाईने तिला मिठी मारली. दोघं-तिघं रडायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

“नाही,” मिस डॉरिस म्हणाली. “ती आली नाही. तो वास मेणबत्तीचा आहे. मी परवाच दुकानातून आणली. तळाला लेबल आहे, बघ.”

“डॉरिस, प्लीज,” कोणीतरी म्हणालं.

“मेलेली माणसं येत नाहीत. ती येणार नाहीत हे डोळ्यांनी दिसावं म्हणून आपण ताट वाढतो. ते भरलेलं राहतं, टॅमी. त्याच्यासाठीच आहे हे जेवण. तुला ते सहन होत नसेल तर चर्चला जा, तिथे दर रविवारी भेट घालून देतात.”

टॅमीने मेणबत्ती उचलून खरंच तिचा तळ बघितला. ते मला अजून विसरता येत नाही. मग ती उठली आणि अंगणातून चालत गाडीकडे गेली. मागोमाग एकेक करून सगळे गेले. ताटं अर्धी तशीच टाकून.

मला राग आवरेना. “काय मिळालं तुम्हाला? क्षणभर बरं वाटलं असतं तिला.”

मिस डॉरिस ताटातलं उरलेलं एका भांड्यात खरवडत होती. “माझा बाप पाद्री होता, अश्विनी. दक्षिणेकडे, शेंगदाण्याच्या शेतांमधलं एक पांढरं चर्च. नवरा गेलेल्या बायकांना तो दर रविवारी क्षणभर बरं वाटायला लावायचा. त्या रडायच्या, त्याच्या हाताचे मुके घ्यायच्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा भुकेल्या यायच्या. घरी येऊन तो जेवणाच्या टेबलावर त्यांची नक्कल करायचा. मी ते घर सोडलं, माझा नवरा त्याच्याच बाजूने गेला म्हणून नवरा सोडला, बारा वर्षांचा मुलगा त्यांच्याजवळ राहतो म्हणाला म्हणून तोही सोडला. एवढं सगळं सोडून मी माझ्या अंगणात तेच करू?”

तिचं बरोबर होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. पण टॅमीने मेणबत्तीचा तळ बघितला होता.

त्या मंडळींनी टॅमीच्या घरी जमायला सुरुवात केली. तिथे मेलेली माणसं येतात, असं ऐकलं. डिसेंबरच्या सर्वांत छोट्या दिवशी मिस डॉरिस एकटीच रिंगणात उभी होती, अंगात जाड कोट. मी खिडकीतून हात केला. तिने बघितलं नाही, किंवा बघितल्याचं दाखवलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी मी कॉफी करताना बाहेर बघितलं, तर ती दगडाला टेकून जमिनीवर बसलेली. वाटी उपडी झालेली. मी पळत गेले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, उजवा हात मांडीवर ओल्या फडक्यासारखा पडला होता. ती माझ्याशी बोलत होती, अगदी तिच्या नेहमीच्या सुरात, भुवया चढवून. पण तोंडातून शब्द येत नव्हते, नुसते आवाज. मी नाइन-वन-वनला फोन केला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती रागावून तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मला कळत नाही म्हणून.

मुलगा आला. डेल त्याचं नाव. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, हळू बोलणारा. मला ‘मॅम’ म्हणायचा. आईला उचलताना तिचा गाऊन नीट करायचा, तिच्या ओठांना व्हॅसलिन लावायचा. दरवर्षी तो तिला ख्रिसमस कार्ड पाठवायचा आणि ती ते लाल पेनने व्याकरण सुधारून परत करायची, हे त्यानेच मला हसत सांगितलं. त्याच्या हसण्यात कडवटपणा नव्हता. मी शोधला.

त्याने तिला आपल्या गावाजवळ, चर्च चालवतं अशा एका नर्सिंग होममध्ये ठेवायचं ठरवलं. घर विकायला काढलं. एका शनिवारी माणसं छोटं यंत्र घेऊन आली आणि दगड उचलायला लागली. मी कुंपणापाशी गेले.

“डेल, हे तिला विचारलंत का?”

“तिला बोलता येत नाही, मॅम.”

“मान हलवता येते.”

तो माझ्याजवळ आला. “समजा, घराला आग लागलीय आणि आई आत आहे. तिला बाहेर काढताना मी तिची परवानगी विचारायची का, मॅम? तुम्ही तुमच्या आईला विचाराल?”

 उभा दगड यंत्राच्या दातांत तिरका होऊन वर गेला. खाली ओल्या मातीत गोल खड्डा आणि पावाचे बुरसलेले तुकडे. शेजारचे रेड्डी अंकल डेकवरून बघत होते. ग्रुपवर त्यांनी अंगठ्याचं चित्र टाकलं.

मी टॅमीला फोन केला. म्हटलं, तुम्ही सगळे एकदा जाऊन या, तिच्या धर्माचं कोणीतरी तिच्याजवळ असायला हवं. टॅमी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “ताट भरलेलंच राहतं, असं तीच म्हणाली होती ना? सांग तिला, राहू दे भरलेलं.” आणि फोन ठेवला.

म्हणून मीच ड्राइव्ह करून गेले. चार तासांचा रस्ता. होम स्वच्छ होतं, माणसं प्रेमळ होती, भिंतीवर क्रॉस. मिस डॉरिसची वेणी कापून केस आखूड केले होते. नर्सला विंचरायला सोपं. मला बघून ती बोलायला लागली. पुन्हा तेच आवाज. मी ओळखायचा प्रयत्न करायची, ती डाव्या मुठीने खुर्चीच्या दांड्यावर ठोकायची. ज्या बाईने जन्मभर समोरच्याचा चुकीचा शब्द खपवून घेतला नाही, तिच्याकडे आता एकही शब्द नव्हता.

डेल म्हणाला, “स्पीच थेरपिस्ट सांगत होती, बोलणं जातं पण कधीकधी गाणं राहतं. ते मेंदूत दुसरीकडे असतं. लहानपणी पाठ झालेलं तर फार खोल असतं.” आणि त्याने तिच्यासमोर गुडघ्यावर बसून हळू आवाजात एक भजन सुरू केलं. त्याच्या आजोबांच्या चर्चमधलं.

दुसऱ्या ओळीला मिस डॉरिस गायला लागली.

शब्दन् शब्द स्वच्छ. दक्षिणेकडच्या लहान मुलीचे हेल, मी तिच्या तोंडून कधी न ऐकलेले. पहिल्या क्षणी तिचा चेहरा उजळला, ते मी स्वतः बघितलं. शब्द येत होते. तिच्या तोंडातून शब्द येत होते! मग आपण कोणते शब्द म्हणतोय हे तिला कळलं. डोळे विस्फारले. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड गातच राहिलं, मेंढपाळाबद्दल, रक्ताबद्दल, घरी परतण्याबद्दल, कडवं संपेपर्यंत. डेल तिच्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडत होता. “तू घरी आलीस, ममा.”

परतताना गाडीत मी एकही गाणं लावलं नाही.

शेवटची गेले ती रविवारी. मुद्दाम नव्हे, तेवढाच दिवस मोकळा होता. होमच्या हॉलमध्ये प्रार्थना चालू होती. व्हीलचेअर्सच्या ओळी, पुढे पियानो. मिस डॉरिसला निळा फ्रॉक घालून सर्वांत पुढे बसवलं होतं. तिथला तरुण पाद्री माइकवर म्हणाला, “आपली सिस्टर डॉरिस चाळीस वर्षं अंधारात होती. तिला एकही शब्द बोलता येत नाही. पण देवाने तिच्यासाठी कोणते शब्द राखून ठेवलेत ते ऐका.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीने व्हीलचेअर पुढे ढकलून तिच्या फ्रॉकला हात लावला.

मी बाजूच्या दारात उभी होते. तिला मी दिसत होते. तिने काही खूण केली नाही.

पियानो सुरू झाला. पहिल्या सुराबरोबर मिस डॉरिसचा डावा हात मांडीवरून उठला. तिने तो तळवा स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला. इतका की बोटांभोवती गाल पांढरे पडले.

शेजारी बसलेल्या डेलने ते बघितलं. त्याने हळूच, फार हळूच तो हात सोडवला, आपल्या दोन्ही हातांत घेतला, त्याचा मुका घेतला आणि छातीशी धरून ठेवला.

आणि मिस डॉरिस गायला लागली.